मुखवट्याची आतली बाजू

इन्साफची आई गेली तेव्हा भेटायला आलेल्या बायकांच्या एक गोष्ट लक्षात आली आणि ती अम्मानमधल्या अश्रफियाच्या चढावर दारोदार पोचली. पोरगी रडली नाही. तिन्ही दिवस ती बिनसाखरेची कॉफी ओतत होती, रिकामे पेले उचलत होती, खजुरांची ताटं भरत होती. एका थोराड मावशीनं तिला छातीशी धरलं आणि रड बाई, मोकळी हो, म्हणत पाठीवरून हात फिरवला. इन्साफ तिच्या खांद्यावरून स्वयंपाकघराकडे बघत होती. गॅस बारीक केला होता की बंद, एवढंच तिच्या डोक्यात चाललं होतं.

आईवर तिची माया नव्हती असं कुणालाच म्हणता आलं नसतं. बापाच्या मागे आईनं झर्कातलं घर विकून अम्मानमध्ये हे दोन खोल्यांचं घर घेतलं, ते इन्साफला कॉलेजला जायला सोपं पडावं म्हणून. इन्साफ नकाशे काढायला शिकली. मग बरीच वर्षं एका सुताराच्या कारखान्यात संगणकावर स्वयंपाकघरांची कपाटं काढत होती. मध्ये एकदा साखरपुडा झाला. मुलगा कुवेतला गेला, आधी रोज फोन करायचा, मग सणासुदीला, मग त्याच्या बहिणीनं येऊन अंगठी परत मागितली. इन्साफनं ती डबीत घालून दिली. पुढं आईला अर्धांगाचा झटका आला. सहा वर्षं आईची उजवी बाजू इन्साफनंच उचलली. भरवणं, कूस बदलणं, पाठीला पावडर लावणं, सगळं कामावर जायच्या आधी आणि आल्यावर. भाऊ नाइल झर्कात बायकापोरांत होता. शुक्रवारी यायचा, आईच्या पायाशी बसायचा, जाताना दाराशी उभा राहून म्हणायचा, काही लागलं तर सांग. त्याच्या मनात खोट नव्हती. पण लागायचं ते रोजच लागायचं, आणि रोज काय सांगणार?

आईच्या दुखण्यातच तिला इस्पितळातलं काम मिळालं. हे इस्पितळ स्फोटात आणि आगीत सापडलेल्यांचं होतं. इराकमधून, येमेनमधून, सीरियातून माणसं यायची आणि महिनोन् महिने राहायची. तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत, भाजलेल्या चेहऱ्यांसाठी मुखवटे बनत. भाजलेली कातडी भरून येते तेव्हा व्रण दोरखंडासारखे फुगतात आणि तोंड ओढून धरतात. त्यावर पारदर्शक, कडक प्लास्टिकचा मुखवटा दिवसभर घट्ट बांधून ठेवला तर व्रण हळूहळू बसतात. पूर्वी माप घ्यायला चेहऱ्यावर ओलं प्लास्टर ओतायचे. आगीतून वाचलेल्या माणसाला ते डोळे मिटून सोसणं जमायचं नाही, काही जण अर्ध्यावर उठून पळायचे. आता हातात धरायचा स्कॅनर आला होता. तो चेहऱ्याभोवती फिरवायचा, संगणकावर लाखो ठिपके उमटायचे, ठिपके जोडून बारीक त्रिकोणांची जाळी व्हायची, आणि त्या जाळीवरून चेहऱ्याचा साचा छापून निघायचा. साचा छापला की हिकमत त्यावर तापवलेलं प्लास्टिक ओढायचा. हिकमत सॉल्ट गावचा, गोलमटोल, हाताला हलका. इन्साफला तो ताई म्हणायचा आणि तिच्या गप्प बसण्याची त्याला सवय झाली होती.

जाळीवर काम करणं हा इन्साफचा भाग. हाड वर आलेलं असतं तिथं साचा थोडा उंच करायचा, म्हणजे मुखवटा टेकत नाही. व्रण फुगलेला असतो तिथं साचा किंचित आत दाबायचा, म्हणजे मुखवटा दाबून बसतो. पण वर कुठलं आणि आत कुठलं हे संगणकाला आपलं आपण कळत नाही. त्रिकोणाला दोन बाजू असतात. कुठल्या बाजूला हवा आणि कुठल्या बाजूला मांस हे ठरवावं लागतं. शाळेच्या भूमितीत पृष्ठभागावर अभिलंब काढतात, तशी प्रत्येक त्रिकोणावर एक काडी उभी आहे असं समजायचं. सगळ्या काड्या बाहेरच्या अंगाला हव्यात. एखादी काडी उलटी रोवली गेली की तिथं ‘उंच कर’ म्हटलं तरी साचा खचतो.

उम्म सत्तार, म्हणजे सत्तारची आई, आली ती हिवाळा सरता सरता. इराकमधल्या नासिरियाची बाई, साठीला टेकलेली. घरात रॉकेलची शेगडी भडकली आणि चेहऱ्याची उजवी बाजू गेली. कानाची पाळी मानेला चिकटून बसली होती. पण जीभ शाबूत होती. खोलीत पाऊल टाकताच तिनं हिकमतच्या पोटाची चौकशी केली, खिडकीतली रोपटी कुणी वाळवली ते विचारलं, आणि मग इन्साफसमोर बसली.

“इतकी गप्प का गं? माझं तोंड बघून भ्यालीस की काय?”

“नाही, खाला.”

“मी तर रोज सकाळी भिते. आरशात बघते आणि म्हणते, ही कोण बया शिरली घरात?”

हिकमत हसला. इन्साफनं स्कॅनर चालू केला आणि हनुवटी जरा वर करायला सांगितलं. उम्म सत्तारनं हनुवटी वर केली आणि तशीच बोलत राहिली. सुनेचा स्वयंपाक, शेजारणीच्या म्हशी, सत्तारचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. ओठ हलले की ठिपके सरकायचे. इन्साफला तीनदा फेरा मारावा लागला, पण तिनं चिडून काही म्हटलं नाही. आई गेल्यापासून तिला चीडही येत नव्हती. सकाळी उठायची, बसनं यायची, काम करायची, घरी जाऊन ताटात असेल ते खायची. अन्न तिखट की अळणी हे तिला पाणी पिताना कळायचं. शेजारीण विचारायची, बरी आहेस ना? बरी आहे, असं ती म्हणायची आणि ते खोटंही नव्हतं. दुखत कुठंच नव्हतं.

मुखवटा तयार झाला. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं तो उम्म सत्तारला बांधला, पट्टे ओढून पाहिले, ठीक वाटला. उम्म सत्तार मुखवट्याआडून म्हणाली की आता सून ओळखणार नाही, हे एक बरं झालं.

दोन दिवसांनी सकाळी तीच मुलगी मुखवटा हातात घेऊन वर आली आणि तिनं तो टेबलावर ठेवला. आतल्या बाजूला, कानाच्या खाली जबड्याच्या कोपऱ्यापाशी, पिवळट डाग होता. मग तिनं सांगितलं. रात्री काढायचा मुखवटा उम्म सत्तारनं हौसेनं काढलाच नाही, लवकर गुण येईल म्हणून. सकाळी ड्रेसिंग करणाऱ्या बाईनं काढला तेव्हा खाली कातडी गेलेली होती, अंगठ्याच्या नखाएवढी जखम, आत पांढरं दिसत होतं. दुखलं नाही का, असं विचारलं तर म्हातारी म्हणाली, तिथं मला काही कळतच नाही, माशी बसली तरी कळत नाही.

इन्साफनं मुखवटा उचलून उजेडात धरला आणि आतून बोट फिरवलं. जबड्याच्या कोपऱ्यावर प्लास्टिक आत आलेलं होतं. तिथं हाड आहे म्हणून तिनं साचा उंच करायला घेतला होता, म्हणजे मुखवटा तिथं सुटा राहायला हवा होता. हिकमतनं फळीवरून छापलेला साचा काढून आणला. त्याच जागी खळगा होता.

“हा मला दिसला होता,” हिकमत म्हणाला. “वाटलं, तिचं तोंडच तसं असेल. जळलेल्या तोंडाला काय, कुठंही खळगा असतो.”

“मी उंचवटा दिला होता.”

“मग खळगा दिला कुणी?”

इन्साफ संगणकापाशी बसली. जाळी पडद्यावर नेहमीसारखी दिसत होती, राखाडी, गुळगुळीत, कुठं काही वावगं नाही. पडद्यावर त्रिकोणाच्या दोन्ही बाजूंवर सारखाच उजेड पडत होता, त्यामुळं सुलटा आणि उलटा एकच दिसायचा. उलटे त्रिकोण लाल दाखव अशी एक खूण असते. पूर्वी ती प्रत्येक चेहऱ्याला ती खूण करून बघायची. कधीपासून सोडून दिलं हे तिला आठवेना. ठरवून सोडलं नव्हतं. आता तिनं खूण केली, आणि कानाच्या पाळीमागून जबड्यापर्यंत वालाच्या पानासारखं एक लाल ठिगळ पडद्यावर उमटलं.

आता भीती वाटायला हवी होती. ती वाट पाहत बसली. काही झालं नाही. हिकमत मागे उभा होता. त्यानं ‘या अल्ला’ म्हटलं आणि तो खुर्चीवर बसला.

कारण शोधायला दुपार गेली. प्रत्येक ठिपक्यापाशी कातडी कुठल्या अंगानं कलली आहे हे संगणकाला कळतं, पण बाहेर कुठलं ते कळत नाही. म्हणून तो एका ठिपक्याची काडी धरतो आणि शेजाऱ्याला विचारत पुढं जातो, तुझी काडी माझ्यासारखीच लाव. कपाळावर, गालावर हे बिनबोभाट चालतं. पण उम्म सत्तारचा कान मानेला चिकटलेला. पाळीमागच्या चिरेत कानाची पाठ आणि मानेची कातडी यांत कागदाएवढं अंतर. संगणकानं चिरेपलीकडच्या ठिपक्याला आपला शेजारी समजून विचारलं, आणि तिथून पुढची सगळी वस्ती उलटी झाली. मग जाळी गुळगुळीत करताना तिच्या कडाही पुसल्या गेल्या.

यावर उपाय अवघड नव्हता. शेजाऱ्याला विचारायचंच नाही. प्रत्येक ठिपका स्कॅनरनं कुठून तरी पाहिलेला असतो, आणि कातडी पाहता येते ती बाहेरूनच. ज्या जागेवरून पाहिला त्या जागेकडे काडीचं तोंड करायचं, बस. स्कॅनर कुठं कुठं उभा होता याची नोंद यंत्र ठेवत होतं, पण फाइल जड होते म्हणून ती पहिल्याच पायरीला पुसली जायची. उम्म सत्तारचीही पुसली गेली होती. नवीन माप घ्यावं लागणार होतं, आणि जखम सुकेपर्यंत ते घेता येणार नव्हतं. तोवर मुखवटा बंद. तोवर व्रण पुन्हा फुगणार.

फिजिओवाली मुलगी म्हणाली, मी सांगते त्यांना, यंत्राचा घोटाळा झाला म्हणून. इन्साफ म्हणाली, नको, मी जाते.

पेशंट राहायचे ती इमारत अंगणापलीकडे होती. उम्म सत्तार पलंगावर पाय सोडून बसली होती, जबड्याला पांढरी पट्टी होती. खोलीतली दुसरी बाई झोपली होती. इन्साफ उभ्यानंच बोलली.

“खाला, चूक माझी आहे. मी तपासायला हवं होतं. मी तपासलं नाही.”



“हो,” उम्म सत्तार म्हणाली. “हवं होतं.”

मग तिनं थर्मास ओढला आणि वाळल्या लिंबाचा चहा पेल्यात ओतला, बसऱ्याची लिंबं ती घरून घेऊन आली होती. इन्साफनं पेला घेतला आणि उभ्याउभ्या तसाच कढत प्यायला. म्हातारी बघत होती.

“भाजलं नाही तुला?”

“नाही.”

“बस खाली. रडणार आहेस का?”

“नाही.”

“बरं झालं. माझ्याकडं रुमाल नाही.” मग ती म्हणाली, “मला राग आलाय, ऐकतेस ना? उगाच गोड बोलणार नाही मी. घरी जायचा दिवस लांबला माझा.”

“हो, खाला.”

“दुसरा नीट कर म्हणजे झालं.”

जखम सुकली तेव्हा जकरांदाची झाडं फुलायला लागली होती. उम्म सत्तार पुन्हा कोपऱ्यातल्या खोलीत येऊन बसली. हिकमत प्लास्टिक आणायला खाली गेला होता. इन्साफनं सांगितलं, या वेळी ओठ अजिबात हलवायचे नाहीत, कानामागची चीर नीट यायला हवी, सावकाश फिरावं लागेल.

“मला नाही जमणार,” उम्म सत्तार म्हणाली. “गप्प बसले की मला ती शेगडी दिसते. तू बोल. कुणीतरी बोलायला पाहिजे. तू बोललीस तर मी गप्प बसते.”

“काय बोलू?”

“मला काय विचारतेस? घरी कोण आहे तुझ्या?”

“कोणी नाही. आई होती.”

“मग आईचं सांग.” आणि तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

इन्साफनं स्कॅनर उचलला. निळा उजेड उम्म सत्तारच्या गालावर पडला. इन्साफ तिच्या उजव्या अंगाला सरकली आणि बोलायला लागली, हवामानाच्या बातम्या वाचाव्यात तशा आवाजात.

“आईला उजव्या बाजूचं कळायचं नाही. चमच्यानं भरवलं की घास त्या गालात राहायचा. मी बोट घालून काढायची. ती चावायची. मुद्दाम नाही, तिला वाटायचं अन्नच आहे. पहिली दोन वर्षं ती माझं नाव घ्यायची. मग मला नाइल म्हणायला लागली, माझ्या भावाचं नाव. मी ओ द्यायची.” ती कानामागे आली. चिरेच्या आत उजेड पोचावा म्हणून तिनं हात वाकडा केला. “त्या दिवशी सकाळी मी तिला कुशीवर वळवलं, पाठ पुसली. पाठ गरम होती. भांडी घासली. परत आले तर ती तशीच होती कुशीवर. मी तिला दुसऱ्या कुशीवर वळवलं. मला कळलं होतं ती गेलीय. तरी वळवलं. पावडर लावली. मग नाइलला फोन केला.”

पडद्यावर ठिपके एकदम तुटले. इन्साफनं पाहिलं तर उम्म सत्तारच्या डोळ्यातून पाणी ओघळून गालावर आलं होतं. ती हलली नव्हती, ओठ मिटलेलेच होते, हात मांडीवर. ओल्या कातडीवरून उजेड परततो आणि यंत्राला काही दिसत नाही. इन्साफनं गॉजचा तुकडा घेतला, गाल टिपला, आणि डोळ्याखाली बोट धरून थांबली.

“गाल कोरडा लागतो, खाला,” ती म्हणाली.

उम्म सत्तारनं डोळ्यांनीच हो म्हटलं. पुन्हा पाणी आलं, पुन्हा टिपलं. असं दोन-तीनदा झालं. मग इन्साफनं विषय बदलला. सुताराच्या कारखान्यात एकदा तिनं कपाटाची दारं उलटी काढली होती आणि ती एका हाजीच्या घरी भिंतीच्या बाजूनं उघडायची, ते सांगितलं. फेरा पुरा होईपर्यंत ती बोलत होती. हिकमत परत आला आणि दारातच थांबला, कारण एवढं बोलताना त्यानं तिला कधी ऐकलं नव्हतं.

माप झाल्यावर उम्म सत्तारनं जबडा हलवून बघितला. आता ती काहीतरी बोलेल, धीर देईल, अशी तयारी इन्साफनं करून ठेवली होती, जशी ती दुखवट्याला आलेल्या बायकांसमोर करायची. म्हातारी म्हणाली, “तुझा भाऊ येतो का गं भेटायला?”

“शुक्रवारी यायचा. आता मीच नको म्हणते.”

“का?”

इन्साफ स्कॅनर जागेवर ठेवायला वळली. उम्म सत्तारनं ते पुढं ओढलं नाही. तिनं स्कार्फ सारखा केला आणि जेवणाची वेळ झाली म्हणून निघाली. जाताना हिकमतला म्हणाली, भात कच्चा असला तर तुझ्याकडं पाठवते.

नोंद या वेळी पुसली नव्हती. काड्या लागल्या तेव्हा इन्साफनं आधी लाल खूण करून पाहिली. कानाच्या पाळीच्या टोकाला चार-दोन त्रिकोण लाल होते, चिरेच्या अगदी आत, जिथं उजेड तिरका पडला होता. ते तिनं हातानं एकेक करून उलटवले. मग जबड्यावर उंचवटा दिला. साचा छापून आल्यावर तिनं आणि हिकमतनं दोघांनी त्यावर बोट फिरवलं, आणि जबड्यापाशी उंचच लागलं. हिकमतनं प्लास्टिक ओढलं. उम्म सत्तारला मुखवटा बांधला तेव्हा फिजिओवाल्या मुलीनं जबड्याच्या कोपऱ्यातून पातळ कागद आत सरकवला आणि तो न अडकता बाहेर आला.

पहिला आठवडा इन्साफ स्वतः रोज अंगणापलीकडे गेली. मुखवटा काढायची, कातडी बघायची, जबड्यावर बोट ठेवून विचारायची, कळतं का? उम्म सत्तार म्हणायची, नाही. मग इन्साफ खाली वाकून डोळ्यांनी बघायची. जखम पुन्हा झाली नाही. मध्ये वाया गेलेले आठवडे मात्र भरून आले नाहीत. ओठाच्या कोपऱ्याजवळचा व्रण तोवर घट्ट झाला होता, तो शेवटपर्यंत पूर्ण बसला नाही, आणि उम्म सत्तारचं हसू एका बाजूला ओढलेलं राहिलं. ते इन्साफला ठाऊक आहे. डॉक्टरांनी सांगितलं की एरवीही कदाचित राहिलं असतं. कदाचित. उम्म सत्तार त्याबद्दल कधी बोलली नाही. उन्हाळा संपताना ती मुखवट्यासकट नासिरियाला परत गेली.

खोलीत आता रीत पडली आहे. स्कॅनरची नोंद पुसायची नाही, लाल खूण केल्याशिवाय साचा छापायचा नाही, आणि हिकमतला कुठं खळगा दिसला तर त्यानं विचारायचं. तो विचारतो. कधी कधी नको तिथंही विचारतो.

इन्साफला रडू आलं नाही ते नाहीच. शेजारीण अजून तिला बघून हळहळते. पण मोठ्या ईदला नाइलनं फोन केला तेव्हा तिनं नको म्हटलं नाही, आणि ती झर्काला गेली. मन्सफचं, म्हणजे ताकात शिजवलेल्या मटणाचं आणि भाताचं, मोठं ताट आलं. ताक जास्त आंबट झालं होतं आणि भावजय त्यावरून नाइलशी भांडत होती. इन्साफनं दोन घास खाल्ले आणि म्हणाली, आंबट आहे खरं. जेवणानंतर ती बाहेरच्या खोलीत गादीवर आडवी झाली. पोरं टीव्हीवर फुटबॉलचा सामना लावून आरडाओरडा करत होती, कुणीतरी तिच्या पायांवरून उडी मारून गेलं. ती त्यातच झोपली आणि दुपार कलल्यावरची अस्रची अजान झाली तरी उठली नाही. नाइलनं पोरांना आवाज कमी करायला सांगितलं, आणि मग स्वतःच तिच्या अंगावर चादर घालून तिथंच पायाशी बसून राहिला.